बोरपाड्याच्या शाळेचं छप्पर

सोमवार, १६ एप्रिल २००१. कळवण

दोन हुक! एका पत्र्याला सहा हवेत आणि लावलेत दोन. नऊ पत्र्यांना तर तेही नाहीत. नुसत्या बाइंडिंग वायरने पाइपाला बांधलेत. भाजीची जुडी बांधतात तसे.

बोरपाड्याची शाळा बांधून दीड वर्ष झालं. दोन वर्ग, पुढे उघडा व्हरांडा, वर चोपन्न पत्रे. आज शिडी लावून वर चढले. माझ्या आधी इथे जे ज्युनिअर इंजिनिअर होते त्यांची सही कागदावर आहे, पण ते वर चढले नव्हते हे नक्की. चढले असते तर सही झाली नसती. की झाली असती?

पत्र्यांवर धोंडे. पाड्यावरची माणसं स्वतःच्या घरांवर ठेवतात तसेच शाळेवरही ठेवलेत. मोजले. एक्केचाळीस. वाऱ्याने छप्पर दबत नाही, वर ओढलं जातं. ताशी सत्तर किलोमीटरचा वारा आणि पुढे उघडा व्हरांडा असेल, तर एका दहा फुटी पत्र्याला वर नेणारं बळ नव्वद किलोच्या आसपास. त्यावर बारा किलोचा धोंडा! पत्रा उठला की धोंडा घरंगळत खाली येणार. गेल्या वर्षी याच पाड्यावर फकिरा नावाच्या माणसाच्या खांद्याचं हाड असंच मोडलं. तरी धोंडे आहेतच.

शाळेच्या किल्ल्या चतुराबाईकडे असतात. ती झाडलोट करते. नवरा मंगळू थंडीत विंचूरकडे द्राक्षाच्या कामाला जातो, एव्हाना परत आलेला असतो. त्याला विचारलं, मोठं वारं सुटलं की काय करता?

"धोंडे हायेत की. आन लयच आला तं आमी लटकतो."

"कोण लटकतं? कशाला?"

"घरातले समदे. आढ्याला. वजन पडलं पायजे ना! आमचं छप्पर अजून नाय उडलं. हिचं वजन बघा तुमी."

चतुराबाईने त्याला खराटा दाखवला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. हे लोक वादळात स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर हातांनी धरून ठेवतात, आणि इकडे आमच्या ऑफिसात हुकांची चोरी होते.

बुधवार, १८ एप्रिल

ठेकेदार दिनेशला बोलावून घेतलं. दुरुस्तीची मुदत दोन वर्षं आहे, म्हणजे हुक त्यानेच द्यायचे. ३२४ हुक, ८ मिलिमीटर, गॅल्व्हनाइज्ड, वायसरसकट. लेखी दिलं.

"म्याडम, दीड वर्षात उडालं का? नाही ना? मग?"

हे याचं गणित! पडेपर्यंत सगळं बरोबर असतं.

पुढच्या बुधवारपर्यंत माल देतो म्हणाला.

सोमवार, २३ एप्रिल

बोरपाडा. धोंडे उतरवून घेतले. मंगळू आणि आणखी तिघे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भिंतीकडेला रचून ठेवले.

चतुराबाई म्हणाली, "हुक लागले का उतरवू ना बाय. घाई काय हाय?"

सांगितलं, हुक लावणारी माणसं वर चढणार. धोंड्यांमधून काम होत नाही. शिवाय ते काही धरून ठेवत नाहीत, नुसते पडतात. तिने मान हलवली. पटलं असं नाही. ऑफिसची बाई म्हणते म्हणून.

शुक्रवार, २७ एप्रिल

हुक आले. सहा मिलिमीटरचे!!

व्हर्निअर लावून दहा हुक मोजले. ५.९, ६.०, ५.९... मागणीपत्रात अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलं होतं: ८, आठ. दिनेशचा माणूस टेम्पोत बसून केळं खात होता. त्याच्यासमोर चलनावर लाल शाईने 'नाकारले' लिहिलं, खाली सही केली आणि पोती परत चढवायला लावली.

चतुराबाई तिथेच उभी. "आता आलेच हायेत तं तवर हे बारीक लावा ना बाय. मोठे आले का बदलू."

"बारीक लावले की मोठे कधीच येत नाहीत, चतुराबाई."

खरंच येत नाहीत. इथे आल्यापासून वर्षभरात एवढं शिकले. चुकीचा माल एकदा घेतला की तोच कायमचा. संध्याकाळी दिनेशचा फोन: "दोन मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय का हो?" फोन ठेवून दिला. या ऑफिसात रुजू झाल्यापासून आज पहिल्यांदा बरं वाटलं.

मंगळवार, १ मे

झेंडावंदन. साहेबांचं भाषण, विषय गुणवत्ता. हुक नाहीत.

शुक्रवार, ४ मे

स्मरणपत्र क्र. २. दिनेश म्हणतो ८ मि.मी. कळवणात मिळत नाही, नाशिकहून येईल, लग्नसराईत टेम्पो मिळत नाहीत. तर मग सहाचे कुठून आले होते? गोडाऊनमध्ये पडून होते म्हणून आले. खपवायचे होते.

आमचा लिपिक सोमनाथ मला आता 'हुकवाल्या म्याडम' म्हणतो. समोर नाही. पण भिंत पातळ आहे.

घरमालकीण वत्सलाबाई: "उज्वला, तुझ्या आईचा फोन होता. मुलगा सातपूरला कंपनीत आहे म्हणे. निदान फोटो तरी बघ! पत्रे काय, आयुष्यभर बघशील." उद्या करते फोन म्हटलं. करणार नाही.

बुधवार, ९ मे

बोरपाड्याला गेले तर शाळेला आंब्याचं तोरण. चतुराबाईची थोरली, मीना, हिचं लग्न मंगळवारी. सोमवारी हळद, आणि ती शाळेच्या व्हरांड्यात. वरून हुकूम नाही, परवानगी नाही. सुट्टी आहे, किल्ली आईकडे आहे, झालं.

इथे नको म्हणाले. छपराचं काम झालेलं नाही.

मंगळू शांतपणे म्हणाला, "मंग कुठं घेऊ बाय? पाड्यावर दुसरी सावली दावा."

दाखवता आली नाही. खरंच नाही.

"धोंडे परत चढवू का?" हेही त्यानेच विचारलं.

नको म्हणाले. दिनेशने काल शपथ घेतली होती, शुक्रवारी हुक आणि शनिवारी माणसं. मीना दारात उभी राहून ऐकत होती. एकोणीस-वीसची असेल. मला हळूच म्हणाली, "म्याडम, तुमीबी या हळदीला." येते म्हणाले. माणसं म्हणतात तसं.

शनिवार, १२ मे

हुक नाहीत. माणसं नाहीत. दिनेशचा फोन लागत नाही. त्याच्याही घरी लग्न आहे म्हणे! सगळ्या तालुक्यात लग्नं आहेत.

मंगळवार, १५ मे

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहिते. पुढे कोणी विचारलं तर क्रम चुकायला नको.

सोमवार १४. दुपारी १.४० ला जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून फोन. सोमनाथने घेतला. पुढच्या काही तासांत जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर भागात गडगडाटासह वादळी वारे, वेग ताशी ६० ते ७०. लोकांनी झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीच्या आडोशाला थांबू नये. पक्क्या घरात जावं. सोमनाथने सुवाच्य अक्षरात रजिस्टरला उतरवलं, नंबर टाकला, वेळ टाकली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब नाशिकला मीटिंगला.

मी विचारलं, पुढे कोणाला कळवलं?

"सही व्हायचीय ना अजून."

"वारा सहीसाठी थांबणार आहे का?"

"तुम्ही माझ्यावर चिडू नका म्याडम. गेल्या वर्षी मी सहीविना कळवलं, वारं आलंच नाही, साहेबांनी माझी काढली. तवापास्नं मी सहीशिवाय हालत नाही."

म्हणजे इशारा खरा ठरला नाही तर कळवणारा दोषी. असं ऑफिस! बोरपाड्याच्या सगळ्यात जवळचा फोन सहा किलोमीटरवर, किराणा दुकानात. लावला. बंद. कायनेटिक काढली. २.०५.

वाटेत आभाळ स्वच्छ होतं. ऊन इतकं की हँडल धरवेना. मनात आलं, नाहीच आलं वारं तर? मग मीही सोमनाथसारखी मूर्ख ठरेन. चालेल, ठरू दे.

पोहोचले ३.४० ला, मध्ये पंक्चर. व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं. मीना पाटावर, कोपरापर्यंत पिवळी. बायका गात होत्या. पश्चिमेला डोंगरामागे मातकट भिंत उभी राहिली होती. धूळ. ती सरकत होती.

मी ओरडले, इथून बाहेर पडा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक म्हातारी म्हणाली, "ये बाय, बस, हळद लाव."

कुठे न्यायचं? झाडाखाली नाही. त्यांच्या घरांत नाही, तिथेही पत्रेच. अख्ख्या पाड्यावर काँक्रीटचा स्लॅब एकच, शाळेच्या संडासाचा. आठ बाय बारा, नऊ इंची विटांच्या भिंती. पाणी कधी आलंच नाही, म्हणून दीड वर्ष कुलूपबंद. त्यात चतुराबाईने सरपण भरून ठेवलेलं.

सांगितलं, बायका-मुलांनी संडासात जा. लगेच.

जो गदारोळ झाला! "हळद लागलेली पोर संडासात बसवायची?" "अवदसा हाय का ही बाय?" म्हातारी तर रडायलाच लागली. मी हातवारे करून दाब, वेग, नव्वद किलो असलं काहीतरी बोलत होते. मूर्खासारखं. कोणाला नव्वद किलोचं काय!

चतुराबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, एकदा डोंगराकडे. मग कमरेची किल्ली काढली, जाऊन कुलूप उघडलं, सरपण बाहेर फेकायला लागली आणि तिथून ओरडली, "आजवर कोण बसलंय का हिच्यात? पार देवळासारखा चोख हाय! मीने, चल गं!" आणि लेकीला दंडाला धरून आत नेलं. आधी हळदीची पोर आत गेली, मग बाकीच्याही मागोमाग. तेहेतीस बायका-मुलं. शेवटची म्हातारी, तिला मी अक्षरशः आत ढकललं.

पुरुष आले नाहीत. जागाही नव्हती. त्यांना म्हटलं वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात, विटांच्या भिंतीला टेकून खाली बसा, डोक्यावर हात. काही बसले.

आणि मग मंगळूची हाक. "धरा रे!"

घरात ते आढ्याला लटकतात. इथे आढं उंच, म्हणून त्यांनी व्हरांड्याच्या पत्र्यांची खालची कड धरली. सात माणसं, ओळीने. मी बोंबलले, सोडा! हात कापतील, सोडा!

मंगळू माझ्याकडे पाहून म्हणाला, "धोंडे नायत बाय. धरावंच लागंल." रागाने नाही. काम समजावून सांगावं तसं.

४.०२ ला वारा आला. आवाज रिकाम्या टेम्पोसारखा. आधी वायरने बांधलेले नऊ पत्रे सुटले, मग त्यांच्या शेजारचे, पत्त्यांसारखे. सहा जणांनी हात सोडले. मंगळूने सोडले नाहीत. पत्रा त्याला घेऊन वर गेला, सात-आठ फूट असेल, आणि त्याला जोत्याच्या काठावर टाकलं. पाठीवर. पत्रा पुढे कुठल्या कुठे गेला.

चौदा मिनिटं. संडासातल्या तेहेतीसपैकी कोणालाही ओरखडा नाही.

मंगळूला फळीवर बांधून जीपने कळवण, तिथून नाशिकला सिव्हिलमध्ये. पाय हलवत नाही.

मीनाचं लग्न आज झालं. हळद लागल्यावर थांबवता येत नाही म्हणाले. बाप नाही, आई नाही, काकाने उभं राहून लावलं.

गुरुवार, १७ मे

ऑफिसात बैठक. साहेब: "नैसर्गिक आपत्ती. कोणाचा दोष नाही." किती सुटसुटीत! दोन हुकांना आपत्ती म्हणतात. वायरीला आपत्ती म्हणतात. सहीसाठी टेबलावर पडून राहिलेल्या इशाऱ्याला आपत्ती म्हणतात!

मी म्हणाले, सहापैकी चार हुक खाल्ले त्याचं काय?

दिनेश तिथेच बसला होता, घरच्या लग्नाची मेंदी अजून हातावर. म्हणाला, "मी सत्तावीस तारखेला तीनशे चोवीस हुक पाठवले. चलन आहे. म्याडमनी परत केले. ते लावले असते तर छप्पर जागेवर असतं."

"चुकीचे हुक होते ते!"

"बारीक होते. चुकीचे काय?"

हा माणूस! स्वतः चोरी करतो आणि ज्याने पकडलं त्याच्यावर उलटतो. शेतकी शाळेतल्या वेगमापकावरची नोंद मागवली. झोताचा कमाल वेग ७४. आमच्या भागात डिझाइन एकशे चाळीसचं असतं. नियमाने केलं असतं तर निम्म्या वाऱ्यात छप्पर जातंच कसं?

शनिवार, १९ मे. नाशिक

सिव्हिल. मणका मोडलाय. डॉक्टर म्हणाले पायांचं आताच सांगता येत नाही. म्हणजे त्यांना माहीत आहे, सांगत नाहीत.

मंगळूच्या दोन्ही तळव्यांना टाके. मला पाहून उठायला गेला. विचारलं, का नाही सोडला?

"बाकीचे सोडतील असं नव्हतं वाटलं. सात जण असतो तं राहिला असता." मग थोडा हसला. "हिचं वजन पायजे होतं."

चतुराबाई खाटेखाली जमिनीवर बसलेली. एवढंच म्हणाली, "पोर वाचली बाय तुमच्यामुळं. पोरंसोरं समदी वाचली." आणि मोसंबी सोलून माझ्या हातात दिली. नको म्हणता येईना. बाहेर येऊन खाल्ली.

मला कोणाचे आभार नकोत. मला दिनेश हवा आहे, लेखी, सहीनिशी, काळ्या यादीत.

मंगळवार, २२ मे

शुक्रवारी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्यांपुढे जबाब. मसुदा तयार. पहिल्या परिच्छेदात दिनेश. दोन हुक, वायर, फोटो, दीड वर्षापूर्वीची सही. दुसऱ्यात इशारा १.४० ते २.०५. सोमनाथचं नाव घालावं लागलं. त्याला सांगितलं. म्हणाला, "घाला. खरं आहे ते."

माझी बाजू स्वच्छ आहे. मागणीपत्र, चलन, दोन स्मरणपत्रं. फक्त दिनेशचं ते वाक्य राहिलंय, 'लावले असते तर'. त्याचं तोंड आकड्याने बंद करायचं. ६ मि.मी.चा हुक त्या वाऱ्यात सरळ होतो हे दाखवलं की संपलं. उद्या करते.

बुधवार, २३ मे

पाऊण तास आकडेमोड केली. उत्तर मला हवं तसं येत नाही. कुठेतरी चूक असणार. प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे.

गुरुवार, २४ मे

दुकानातून ६ मि.मी.चा एक हुक आणला. गोडाऊनच्या पाइपाला अडकवला. खाली सिमेंटचं पोतं बांधलं, पन्नास किलो. हुक वाकला नाही. त्याखाली दुसरं बांधलं. वाकला नाही.

त्या दिवशी पत्र्याला सहा हुक असते तर एकेका हुकावर पंधरा-सोळा किलो आले असते.

तिसरं पोतं लावलं नाही.

जबाब पुन्हा लिहिला. पहिल्या परिच्छेदात २७ एप्रिलचं चलन आणि माझी सही. दिनेशचं नाव दुसऱ्या परिच्छेदात गेलं.